घरातील वीज जाते कोठे?

महिन्याच्या ठरलेल्या दिवशी विजेचे बिल येते आणि घराघरांत एक ठरलेला संवाद घडतो. आकडा मोठ्याने वाचला जातो, "गेल्या महिन्यापेक्षा पुन्हा जास्त!" असा उद्गार निघतो, आणि मग न्यायनिवाडा सुरू होतो. न्हाणीघरातला दिवा कोणी जळत ठेवला? रिकाम्या खोलीत पंखा कोणी फिरू दिला? आरोपीही बहुधा ठरलेले असतात. घरातली मुले, नाही तर दुपारी पंख्याखाली आडवे होणारे आजोबा. पुरावा मात्र कोणाजवळच नसतो.

पुरावा नसण्याचे कारण बिलाच्या स्वरूपातच आहे. वाण्याच्या वहीत तूरडाळ किती, गूळ किती, साबणाच्या वड्या किती हे तारीखवार मांडलेले असते. दुधाचा रतीब कॅलेंडरवर लिहिलेला असतो. एखादा दिवस नागा झाला तर तोही गृहिणीच्या हिशेबातून सुटत नाही. विजेच्या बाबतीत महिनाभराच्या सगळ्या मालाची मिळून एकच बेरीज हाती पडते, आणि तीही माल संपल्यावर. इतर कोणत्याही व्यवहारात असले बिल कोणी मुकाट्याने चुकते केले नसते. विजेचे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसेच चुकते होत आले आहे.

हिशेब नसला की माणूस अंदाजावर चालतो, आणि विजेच्या बाबतीत माणसाचा अंदाज फार कच्चा असतो. २०१० साली अमेरिकेत सुमारे पाचशे लोकांना निरनिराळी उपकरणे किती वीज खातात आणि कोणत्या उपायाने किती बचत होते, हे विचारण्यात आले. लहान उपकरणांच्या बाबतीत त्यांची उत्तरे बरीचशी जवळपास होती. मोठ्या उपकरणांचा खर्च मात्र त्यांनी फारच कमी धरला. बचतीचा उत्तम उपाय कोणता, या प्रश्नावर अनेकांनी दिवे बंद करणे हेच उत्तर दिले. आपल्याकडेही स्थिती वेगळी नाही. दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून राग त्याच्यावर निघतो. गीझर मुकाट्याने भिंतीवर टांगलेला असतो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक आजचा एल.ई.डी. दिवा ९ वॉटचा असतो आणि साधा गीझर २००० वॉटचा. गीझरने एका तासात जेवढी वीज ओढली, तेवढ्यात तो दिवा सुमारे २२२ तास, म्हणजे नऊ दिवस आणि नऊ रात्री जळेल. साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या काळात दिवा मालवण्याच्या उपदेशाला जे वजन होते, ते आता राहिलेले नाही. उपदेश मात्र जुनाच चालू आहे.

मीटर हे यंत्र मुळात ग्राहकासाठी जन्माला आलेलेच नाही. ते विक्रेत्याचे माप. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले. त्या काळातील त्याचे मीटर म्हणजे काचेच्या बरणीत जस्ताच्या क्षाराचे पाणी आणि त्यात बुडविलेल्या जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात येणाऱ्या प्रवाहाचा अगदी लहानसा अंश या बरणीतून जाई आणि एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिनाअखेर कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, तराजूत तोली, आणि वजनातील फरकावरून बिल तयार होई. ग्राहकाने त्या बरणीत पाहून काय समजावे? पुढे १८८९ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याने फिरत्या चकतीचे मीटर तयार केले. त्याच तत्त्वावरची ॲल्युमिनियमची चकती पुढे शंभर वर्षे जगभरच्या ओसऱ्यांत आणि जिन्यांखाली फिरत राहिली. तिच्यात एक गुण होता. इस्त्री लावली की चकती धावू लागे, इस्त्री काढली की रेंगाळे. एवढे तरी घरच्या माणसाला दिसत असे.

आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरांत चकती नाही. तिच्या जागी एक तांबडा ठिपका लुकलुकतो. पुष्कळांना तो केवळ 'वीज आहे' अशी खूण वाटतो. वास्तविक घरातील सर्वांत स्वस्त वीजदर्शक तोच आहे. मीटरच्या दर्शनी पट्टीवर एका युनिटाला किती लुकलुकी पडतात तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ घरगुती मीटरांवर तो ३२०० असतो. एक युनिट म्हणजे हजार वॉटचे उपकरण एक तास चालल्याचा खर्च. तेव्हा हिशेब सोपा होतो. घड्याळ लावून एका मिनिटात ठिपका किती वेळा लुकलुकला हे मोजावे आणि त्या संख्येला १८.७५ ने गुणावे. उत्तर येईल तेवढे वॉट त्या क्षणी घरात खर्च होत आहेत. मिनिटाला चार लुकलुकी म्हणजे ७५ वॉट, अर्थात जुन्या धर्तीचा एक पंखा. मीटरवर १६०० छापले असेल तर ३७.५ ने गुणावे. ज्या घरात शाळकरी मूल आहे त्या घरात या कामाला दुसरा माणूस शोधावा लागणार नाही.

या मोजणीसाठी जिन्याखाली उभे राहावे लागते, हा तिचा दोष. तो दूर करण्यासाठी गेल्या काही दशकांत जी साधने निघाली त्यांना एनर्जी मॉनिटर म्हणतात. त्यांतील एक प्रकार चिमट्याचा आहे. दोन अर्ध्या भागांत उघडणारे लोहचुंबकीय कडे मुख्य तारेभोवती बसवितात. तारेतील प्रवाहामुळे कड्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यावरून प्रवाहाचे मान कळते. तार कापावी लागत नाही. मात्र कडे एकट्या फेजच्या तारेभोवतीच हवे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र पकडल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडून काढतात आणि मॉनिटर निर्विकारपणे शून्य दाखवितो. स्वस्त मॉनिटर दाब नेहमी २३० व्होल्ट आहे असे गृहीत धरून गुणाकार करतात. ज्या गावी संध्याकाळी दाब १९० पर्यंत उतरतो तेथे हे गृहीत फसते. म्हणून दाबही मोजणारे यंत्र घ्यावे. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडून आणि मुख्य स्विचच्या आतल्या बाजूलाच करून घ्यावे. मीटरच्या सीलला आणि त्याच्या अलीकडच्या तारांना हात लावण्याचा अधिकार ग्राहकाला नाही, आणि तेथील धोका सीलपेक्षाही मोठा आहे.

दुसरा प्रकार प्लगचा. भिंतीतील प्लग आणि उपकरण यांच्यामध्ये ही लहानशी डबी बसवावयाची. ती त्या एका उपकरणाचा हिशेब ठेवते. फ्रिज, दूरदर्शन संच, कपडे धुण्याचे यंत्र यांची झडती या डबीने एकेक करून घेता येते. गीझर आणि वातानुकूलन यंत्र यांना सोळा अँपियरची डबी हवी. सहा अँपियरच्या डबीवर गीझर चालविणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय.

तिसरी कल्पना अधिक चतुर आहे. १९८०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जॉर्ज हार्ट यांच्या ध्यानात आले की, घराच्या एकूण वीजखर्चाचा आलेख बारकाईने पाहिला तर त्यात पायऱ्या दिसतात. फ्रिज सुरू झाला की एका ठरावीक उंचीची पायरी चढते, बंद झाला की तेवढीच उतरते. इस्त्रीची पायरी निराळी, पंपाची निराळी. अनुभवी गवई बंद दाराआडून तानपुरा कोणता आणि तबला कोणता हे सांगू शकतो, तसे एकाच ठिकाणच्या मोजणीवरून घरात काय काय चालू आहे हे ओळखता येते. भारतीय घरांवर ही विद्या नेमकी बसत नाही, कारण येथे दाब वरखाली होतो, वीज जाते-येते आणि इन्व्हर्टर मध्येच भर घालतो. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली दिल्लीतील एका घराचे उपकरणवार मोजमाप घेऊन ते अभ्यासासाठी खुले केले. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटानेही उत्तर प्रदेशातील आणि महाराष्ट्रातील घरांत अशी उपकरणवार मोजणी चालविली.

आता एखाद्या मध्यमवर्गीय घरात असा मॉनिटर आला आहे असे समजू. ते घर इंदूरला असेल, बडोद्याला असेल, नागपूरला किंवा बंगळूरला असेल. उपकरणे सर्वत्र सारखीच असतात. पहिली मोजणी रात्री करावी. दिवे मालवले, पंखे क्षणभर थांबविले, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबण्याची वाट पाहिली, म्हणजे आकडा शून्यावर यावा अशी अपेक्षा असते. तो येत नाही. तीस, चाळीस, कधी साठ वॉट कोठेतरी जातच असतात. दूरदर्शनचा पडदा काळा असला तरी त्याखालचा सेट-टॉप बॉक्स जागा असतो. इंटरनेटची पेटी जागी असते, इन्व्हर्टर बॅटरीला थेंब थेंब पाजत असतो. एक सेट-टॉप बॉक्स सतत बारा वॉट घेत असेल तर महिन्याला साडेआठ युनिटांहून थोडे अधिक होतात. ९ वॉटचे सहा दिवे रोज पाच तास जळाले तरी महिन्याला सुमारे आठच युनिटे होतात! घरातील सगळ्या दिव्यांवरून वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्या कुटुंबाने त्या पेटीकडे एकदाही डोळे वटारलेले नसतात. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे ॲलन मायर यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस या झोपलेल्या उपकरणांच्या खर्चाकडे जगाचे लक्ष वेधले आणि प्रत्येकाने निद्रितावस्थेत एका वॉटहून अधिक घेऊ नये अशी मर्यादा सुचविली.

फ्रिजची मोजणी पूर्ण चोवीस तासांची करावी, कारण तो आलटूनपालटून चालतो आणि घटकाभराच्या पाहणीने फसवितो. त्याच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाला किती युनिटे लागतील हे छापलेले असते. मोजलेला आकडा त्याहून बराच मोठा निघाला तर दाराचे रबर फाटले आहे काय, फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला आहे काय, हे पाहावे. गीझरचा हिशेब तर शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा आहे. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट लागते. त्याखाली कोणतेही यंत्र जाऊ शकत नाही. पण बटण दिवसभर चालू राहिले तर नुसते पाणी गरम राखण्यातच दिवसाला पाव ते पाऊण युनिट वाया जाते. ते कोणाच्याही अंगावर पडत नाही.

आणि पंखे. भारतीय घराचा खरा खर्च कोठे असेल तर तो येथे, कारण पंखा एकटा लहान असला तरी तास पुष्कळ असतात. ७५ वॉटचे चार पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला १०८ युनिटे होतात. तेवढाच वारा देणारे, ब्रशविरहित मोटरीचे पंखे सुमारे ३० वॉटमध्ये चालतात, म्हणजे ४३ युनिटे. पासष्ट युनिटांची ही बचत करताना कोणालाही एक मिनिट घामाघूम व्हावे लागत नाही. येथे मॉनिटरचा एक मोठा उपकार नोंदविला पाहिजे. बिलाच्या धाकाने वैशाखाच्या दुपारी पंखा बंद करून बसणारी म्हातारी माणसे अनेक घरांत असतात. ती बोलून दाखवीत नाहीत. सून विचारायला आली तर "मला वारा सोसत नाही" असे सांगतात. त्यांच्या एका दुपारच्या चार तासांच्या पंख्याचा खर्च ०.३ युनिट असतो. सकाळी विसरलेल्या गीझरने तेवढी वीज नऊ मिनिटांत ओढलेली असते. हा आकडा एकदा मोठ्याने वाचून दाखविला, तर आजोबांवरचा आरोप निदान पुराव्याअभावी सुटेल. विदर्भात आणि उत्तर हिंदुस्थानात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा हा प्रश्न पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

मॉनिटर आणल्याने वीज वाचते काय? विक्रेते फार मोठे आकडे सांगतात. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. खर्च त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसू लागला तर ५ ते १५ टक्के बचत होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. परंतु त्यांतील पुष्कळ प्रयोग लहान होते आणि त्यांत हौसेने भाग घेणारी माणसे होती. ब्रिटनमध्ये २००७ ते २०१० या काळात साठ हजारांहून अधिक घरांत मोठा प्रयोग झाला. त्यात नव्या मीटरला दर्शक पडद्याची जोड दिलेल्या घरांची विजेची बचत साधारणतः तीन टक्क्यांच्या आसपास भरली. नेदरलँड्समधील एका प्रयोगाचा निकाल २०१० साली प्रसिद्ध झाला. तेथे चार महिन्यांनी ७.८ टक्के बचत दिसली, आणि पुढच्या महिन्यांत ती टिकली नाही. नव्याची नवलाई ओसरली की यंत्र कपाटात जाते, हे तिकडेही खरे आहे. तेव्हा मॉनिटरला वजनकाट्यासारखे मानावे. काट्यावर उभे राहून कोणाचे वजन उतरत नाही. ज्या घरांनी पहिल्या महिन्यात मोजून पंखे बदलले, गीझरला वेळ बांधून दिली, सेट-टॉप बॉक्सचे बटण भिंतीवर घेतले, त्या घरांची बचत मॉनिटर कपाटात गेला तरी चालू राहते. ज्यांनी केवळ आकडा पाहून रोज हळहळ केली त्यांची हळहळच तेवढी उरते.

महिन्याच्या मध्यावर आकडा कळण्याला आणखी एक मोल आहे. भारतातील घरगुती विजेचा दर चढत्या पायऱ्यांचा असतो. महाराष्ट्रात महावितरणच्या दरपत्रकात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर पायऱ्या बदलत आल्या आहेत. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये २०० युनिटांपर्यंतचे बिल शून्यावर आणले आणि त्यापुढे ४०० पर्यंत निम्मी सूट दिली. अशा योजनेत २०१वे युनिट हे साधे एक युनिट नसते. त्याने शून्यावरचे बिल एकदम निम्म्यावर जाते. केंद्राने २०२३ साली नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या तासांतील वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांतील महाग करण्याचे धोरण आखले. ते जेथे लागू होते तेथे किती वीज वापरली याबरोबरच केव्हा वापरली हेही ग्राहकाला ठाऊक असावे लागते. कपडे धुण्याचे यंत्र रात्री आठाऐवजी दुपारी बाराला लावणे पुष्कळ घरांना जमण्यासारखे आहे. स्वयंपाकाची वेळ मात्र कोणत्याही आयोगाला हलविता येणार नाही.

हे यंत्र घरात आणताना दोन गोष्टींचा विचार आधी व्हावा. पहिली घरातलीच आहे. आकडा बहुधा एकाच्या मोबाईलवर उमटतो, आणि तो मोबाईल बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. तो दुपारी कचेरीत बसून घरी फोन करतो आणि विचारतो, "आत्ता दोन हजार वॉट कशाला लागले?" स्वयंपाकघरात मिक्सर, ओव्हन आणि इस्त्री यांच्यामध्ये उभ्या असलेल्या गृहिणीच्या दृष्टीने अशा वेळी मॉनिटर हा मुकादम होतो. आकडा भिंतीवर, सर्वांना दिसेल असा असावा, आणि उपकरणे जिच्या हाती आहेत तिला तो सर्वांत आधी कळावा.

दुसरी गोष्ट घराबाहेरची. पायऱ्यांवरून उपकरणे ओळखण्याची विद्या ज्यांनी शोधली, त्या हार्ट यांनीच १९८९ साली लेख लिहून इशारा दिला होता की, याच आलेखावरून घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा निजतात आणि केव्हा घरी नसतात हे परक्यालाही वाचता येईल. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली याच कारणासाठी स्मार्ट मीटरच्या सक्तीचा कायदा रोखला. २०११ साली तो सुधारून आला तेव्हा त्यात मीटर नाकारण्याची मुभा ग्राहकाला ठेवावी लागली. भारत सरकारने २०२१ साली जी योजना मंजूर केली तिच्यात सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट होते. ही मीटरे दर पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची नोंद वीज कंपनीकडे पाठवू शकतात. जी नोंद आजोबांचा पंखा निर्दोष ठरविते, तीच नोंद हे कुटुंब गणपतीसाठी गावी गेले आणि आठ दिवस घराला कुलूप होते, हेही सांगते. ती नोंद कोण पाहतो, किती दिवस ठेवतो आणि ग्राहकाला स्वतःला ती केव्हा पाहावयास मिळते, हे नवे मीटर बसविण्यास आलेल्या माणसाला दारातच विचारावे. उत्तर त्याच्याजवळ नसेल, तर ते लेखी मागवावे.